हैबतीची घरखरेदी

एका गावात एक भोळा नवरा होता. तसे भोळे नवरे गावोगाव असतात, पण ते घरात भोळे आणि पारावर हुशार. हा दोन्हीकडे सारखाच भोळा होता. नाव मात्र होतं हैबती. ज्याला बघून कोंबडीसुद्धा बाजूला होत नव्हती, त्याचं नाव आईबापांनी हैबती का ठेवलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

हैबती सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. अडचण एवढीच, की जे सांगितलं तेच करायचा. एकदा सरपंच त्याला म्हणाले, "फाट्यावर जाऊन माझी वाट बघ." हैबती फाट्यावर गेला आणि वाट बघत उभा राहिला. डांबर उखडलेली वाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. थोड्या वेळानं सरपंच आले, त्याच्यासमोर उभे राहिले आणि "चल" म्हणाले.

हैबती म्हणाला, "जरा बाजूला व्हा. मला वाट दिसंना."

अशा माणसाची बायको होती सगुणा. तिच्या हातात काय जादू होती कोण जाणे. लोक जे उकिरड्यावर टाकत, ते ती उचलून आणायची आणि त्याचं काहीतरी देखणं करायची. फुटक्या बांगड्यांचं तोरण, करवंट्यांच्या कुंड्या, जुन्या लग्नपत्रिकांचे आकाशकंदील, जुनेराच्या गोधड्या. बटाटा अर्धा कापून त्यावर पिंपळपान कोरायची आणि रंगात बुडवून उशांच्या अभ्र्यांवर ठसे उमटवायची. बाजारच्या दिवशी सगळा माल हातोहात खपायचा. खर्च जवळजवळ नाहीच, म्हणून पैसे साठत गेले.

ते साठवत होती ती घरासाठी. कारण दोघं राहत होती मावसदिराच्या ओसरीवर, आणि तिथं सगुणाला भिंतीत एक खिळासुद्धा मारायची मुभा नव्हती. हातोडी उचलली की आतून जाऊबाईंचा आवाज यायचा, "गिलावा पडंल हां!" एवढ्या सुंदर वस्तू करणारी बाई, पण तिची स्वतःची एकही वस्तू भिंतीवर टांगलेली नव्हती. त्याचं तिला फार वाईट वाटायचं. कधीकधी पोळ्या लाटता लाटता डोळ्यांत पाणी यायचं.

त्यात मावसदिराच्या पोराचं लग्न ठरलं. ओसरी रंगवायची होती, पाहुणे उतरायचे होते. मावसदीर म्हणाला, "मांडव पडायच्या आत दुसरीकडं बघा." आणि नेमकं त्याच सुमारास खालच्या आळीतल्या भगवंततात्यांनी आपलं घर विकायला काढलं. दोन खोल्या, पुढं अंगण, मागं शेवग्याचं झाड. तात्या आणि गोदाक्का लेकीकडं राहायला जाणार होते. गावात विकाऊ असं तेवढं एकच घर होतं. ते गेलं असतं, तर सगुणाला संसार घेऊन एसटीच्या शेडखाली बसावं लागलं असतं.

आता ही शहाणी बाई स्वतः का नाही गेली घर बघायला? तर तिचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. ती शेवटच्या पायरीवर उभी राहून पत्र्यावरचे भोपळे काढत होती आणि शिडी हैबतीनं धरली होती. रस्त्यानं गुरुजी चालले होते. लहानपणी आईनं हैबतीला शिकवलं होतं, की मोठी माणसं दिसली की दोन्ही हात जोडून रामराम करायचा. हैबतीनं दोन्ही हात जोडून रामराम केला.

तेव्हा घर बघायला जायचं हैबतीलाच होतं. दुसरं होतंच कोण?

"हे बगा," सगुणा म्हणाली, "तात्यांच्या घरी जावा. घर नीट बगा. आपल्याला चालंल का, तेवढं बगून या."

हैबती भल्या सकाळी गेला तो उन्हं डोक्यावर आल्यावर परत आला. तोंड उतरलेलं.

"काय वो? चालंल का घर?"

"न्हाई चालणार."

सगुणा घाईघाईनं म्हणाली, "का? गळतंय? भेगा पडल्यात?"

"तसं न्हाई. समोर दगडावर सकाळपासनं बसून बगत होतो. येक पाऊल टाकलं न्हाई त्यानं. शेजारची म्हस दोनदा पाण्याला जाऊन आली, पर घर हाय तिथंच."

सगुणानं कपाळावर हात मारला. मग तिला हसू आलं, मग रडू आलं, मग पुन्हा हसू आलं. लग्न झाल्यापासून तिचं असंच चाललं होतं.

"अहो, घर चालत नसतंय. आत जायचं. भिंती बगायच्या. हातोडी घेऊन जावा आन् हळूच ठोकून बगा. भद्द आवाज आला तर आतनं पोकळ, टण् आवाज आला तर भक्कम. काय बी घ्यायच्या आदी ठोकून बगायचं. ध्यानात ऱ्हाईल का?"

"काय बी घ्यायच्या आदी ठोकून बगायचं," हैबती म्हणाला. आणि वाटभर तेच घोकत गेला.

तात्या अंगणात बाजेवर बसले होते. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ होता. धाकटा असला तरी सारं गाव त्याला भाऊच म्हणायचं, कारण रुबाब थोरल्याचा होता आणि देहही. भाऊच्या मनात घर तालुक्याच्या एका व्यापाऱ्याला द्यायचं होतं. त्याला तिथं खताचं गोदाम करायचं होतं आणि मधल्यामध्ये भाऊला चार पैसे सुटणार होते. तात्यांना ते पसंत नव्हतं. ज्या घरात पोरं वाढली, तिथं युरियाची पोती रचायची म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. पण भाऊसमोर त्यांचं काही चालायचं नाही.

"ये हैबती, बस," तात्या म्हणाले. आतून गोदाक्का आल्या. हातात कपबशी. लेकीनं पाठवलेली, कडेला सोनेरी रेघ असलेली.

"घ्या चहा," गोदाक्का म्हणाल्या.

घ्या म्हणाल्या. हैबतीनं खिशातली हातोडी काढली आणि कपावर ठोकली. पहिल्यांदा टण् असा छान आवाज आला. खात्री करावी म्हणून त्यानं पुन्हा ठोकली, पण यावेळी आवाज यायला कप राहिला नव्हता.

"भक्कम न्हाई," हैबती म्हणाला. "मी न्हाई घेत."

भाऊ उठून उभा राहिला. "तात्या, असल्या येड्याला घर देणार तू? उद्या भिंती फोडून खाईल हा!"

हैबती घरी आला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो खोटं कधी बोलायचा नाही, तेवढी अक्कल त्याला नव्हती. सगुणानं करवंट्यांची टोपली पुढं ओढली. मग तिनं एक गुळगुळीत करवंटी घेतली, घासून घासून चकचकीत केली, काथ्याचा कान बसवला आणि कडेनं पिवळ्या रंगाची रेघ ओढली. झाला कप. बशीसाठी दुसरी करवंटी उथळ कापली.

"हे गोदाक्कांना द्या. चूक झाली म्हणा. आन् आता तरी तात्यांवर जरा छाप पाडा. माणसं चांगली हायत असं त्यांना वाटलं पायजे, न्हाईतर घर जातंय त्या यापाऱ्याला. उद्या जावा आन् चांगली छाप पाडा."

"कशी पाडू?"

"आता ते बी मीच सांगू? ठळक पाडा म्हंजे झालं!"

ठळक छाप कशी पाडतात, हे हैबती रोज बघत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं एका हातात करवंटीचा कप घेतला, दुसऱ्या हातात पिंपळपान कोरलेला बटाटा घेतला आणि लाल रंगाची वाटी पिशवीत घातली.

तात्या बारशाला निघाले होते. पांढरंशुभ्र धोतर, पांढरी पैरण, पांढरी टोपी. दारात पाठमोरे उभे राहून चपला शोधत होते. हैबतीला यापेक्षा चांगली संधी मिळणार नव्हती. त्यानं कप खाली ठेवला, बटाटा रंगात बुडवला आणि छाप पाडली. एक पाठीवर. एक जरा खाली. तात्या दचकून वळले, तर एक पोटावर आणि एक, नेम चुकल्यामुळं, नाकावर.

"अरं, अरं, काय करतोस मुडद्या!"

"छाप पाडतोय तात्या. हलू नगा, फिसकटंल."

तात्या ओरडत राहिले, पण बारशाची वेळ झाली होती आणि दुसरं धोतर दोरीवर ओलं होतं. नाक पुसून तसेच गेले. आणि झालं काय, तर बारशात बायांनी बाळाला सोडून तात्यांच्या धोतराभोवती गर्दी केली. कुठून आणलं, कोणाकडून छापून घेतलं, आमच्या यजमानांना शोभेल का. तात्यांना उभ्या आयुष्यात कोणी इतकं निरखून बघितलं नव्हतं. घरी आले ते छाती फुगवूनच. इकडं गोदाक्का करवंटीच्या कपातून चहा पीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ज्या बाईच्या हातात ही कला हाय, तिलाच घर द्यायचं. नवरा कसा का असंना."

पण हे घरी कोणाला माहीत? हैबतीनं फक्त एवढंच सांगितलं, की छाप पाडली आणि तात्या ओरडले.

"अगं बाई!" सगुणा किंचाळली. "बटाटा नेलात? छाप पाडा म्हंजे रंग फासा असं हाय व्हय? पाडायचं म्हणलं की बटाटा घ्यायचा नसतो! पाडायचं म्हंजे नुसतं पाडायचं!"

"नुसतं पाडायचं," हैबतीनं मान डोलावली.

एवढ्यात गोदाक्कांचा निरोप आला, की घर तुम्हालाच द्यायचं आहे, येऊन बोलणी करून जा. सगुणाचा आनंद गगनात मावेना. पण घर घेणाऱ्या बाईनं आनंदातही सावध राहायचं असतं.

"जावा," ती म्हणाली. "पर सांगतील त्या किमतीला हो म्हणू नगा. रंग उडालाय, कौलं फुटल्यात, समदं बोलून दावा. आन् भाव पाडा. बिचकू नगा. आदी भाव पाडा, मग फुडचं बोला."

हैबतीला ऐकू आलं ते 'भाऊ पाडा'. त्याला जरा नवल वाटलं. पण मघाचा धडा ताजा होता. बटाटा न्यायचा नाही. नुसतं पाडायचं.

तात्यांच्या अंगणात भाऊ उभा होता. शेणखताच्या खड्ड्याच्या कडेला, कमरेवर हात ठेवून, तात्यांना दरडावत होता, "शेवटचं सांगतोय, घर त्या यापाऱ्यालाच—"

हैबती सरळ चालत गेला, दोन्ही हात भाऊच्या छातीवर टेकवले आणि पाडला.

घरी सगुणा दारात डोळे लावून बसली होती. "भाव पाडलात?"

"पाडला."

"खरं? किती?"

"पार खाली."

"अगं बाई! लय घासाघीस करावी लागली आसंल?"

"न्हाई. जड होता, पर येका झटक्यात गेला."

"आन् तात्या? ते चिडले न्हाईत?"

"लय हसले. म्हणले, हे काम मला कंदीच करायचं होतं, पर धाडस झालं न्हाई. म्हणले, तू म्हणशील त्या किमतीला घर घे. गोदाक्कांनी साखर बी दिली हातावर."

सगुणाला काहीच उमजेना. इतका शहाणा नवरा तिनं आजवर बघितला नव्हता. आपण याला उगाच बोलतो असं वाटून तिला भरून आलं. तेवढ्यात जाऊबाई पाणी भरून आल्या आणि म्हणाल्या, "ऐकलं का? भाऊला कुनीतरी शेणखड्ड्यात ढकलला. तीन बादल्या पाणी वतलं तरी वास जाईना. कंबर धरून बसलाय."

सगुणानं हळूच नवऱ्याकडं बघितलं. नवरा अभिमानानं हसत होता.

"आवं, माणूस मोडला आसता!" ती म्हणाली. "आसं कुनी पाडतंय? पाडायचंच होतं तर खाली काय मऊ तरी अंथरायचं!"

"मऊ अंथरायचं," हैबती म्हणाला. तिचं म्हणणं त्याला पटलं. भाऊला खरंच लागलं होतं.

पण रागवायला सगुणाला सवड कुठं होती? घर मिळत होतं. तिला रिक्षात घालून तालुक्याला नेलं, सह्या झाल्या, पैसे दिले, घर तिच्या नावावर झालं. एकाही गोष्टीत घोटाळा झाला नाही, कारण हैबतीला बाहेर रसवंतीवर बसवून ठेवलं होतं. परत आल्यावर तिनं खिळे विकत आणले. कुठल्या भिंतीवर तोरण, कुठं कंदील, कुठं गोधडी, सगळं ठरवून टाकलं. आता राहिली होती फक्त किल्ली. तात्या आणि गोदाक्का सकाळच्या एसटीनं जाणार होते आणि जाता जाता फाट्यावर किल्ली देणार होते.

सकाळी सगुणाचा पाय ठणकत होता. ती अंथरुणावर बसल्या बसल्या म्हणाली, "जावा बाई. तात्यांकडनं किल्ली घ्या आन् येकदाचं ते घर पदरात पाडून या. म्हंजे माझा जीव भांड्यात पडंल."

हैबतीनं मान डोलावली. मग चुलीमागचं मोठं पातेलं उचलून त्यानं तिच्या उशाशी आणून ठेवलं.

"हे कशाला?"

"लागंल," तो म्हणाला. आणि ट्रंकेतून काहीतरी काढून, काखेत मारून निघून गेला.

त्यानं काढला होता सगुणाचा लग्नातला शालू. तिच्याकडं जरीचा पदर असलेलं तेवढंच एक लुगडं होतं, आणि अंथरायला मऊही होतं.

फाट्यावर तात्यांनी किल्ली दिली. गोदाक्कांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "घराला जप रं बाबा." एसटी गेली. फाट्याजवळ रस्त्याचं काम चाललं होतं आणि जेसीबीवाला मल्लाप्पा बिडी ओढत बसला होता. त्याला हैबती म्हणाला, "येक घर पाडायचंय."

"कुनाचं?"

"आमचंच. तात्यांचं व्हतं, आता आमचं झालं."

"चांगलं हाय की ते. पाडायचं कशाला?"

"बायकोनं सांगितलंय."

मल्लाप्पाही लग्न झालेला माणूस होता. त्यानं पुढं एक अक्षर विचारलं नाही. बिडी विझवली आणि जेसीबी सुरू केला.

हैबतीनं अंगणात शालू उलगडला. पदर भिंतीच्या बरोबर समोर अंथरला, सुरकुत्या काढल्या, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. मग मागं सरून ओरडला, "मल्लाप्पा, जरा बेतानं! पदराच्या भाईर जायला नगं!"

मल्लाप्पानं आपल्याकडून फार बेतानं केलं. पुढची भिंत पडली, तिच्यामागं मधली पडली, मग कौलं पडली आणि शेवटी आपल्याला धरणारं कोणी नाही असं बघून मागची भिंतही पडली. शेवग्याचं झाड तेवढं उभं राहिलं, कारण सगुणानं झाडाचं काही सांगितलं नव्हतं.

दुपारी ओसरीवर सगुणा खिळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. हैबती आला. पांढराफटक, डोळ्यांच्या पापण्यांवरसुद्धा चुना. पाठीवर केवढं मोठं गाठोडं. त्यानं ते तिच्यासमोर उतरवलं आणि गाठ सोडली. जरीच्या पदरावर विटा होत्या, कौलांचे तुकडे होते, खिडकीचा एक गज होता आणि मधोमध दाराची कडी.

"हे काय?" सगुणानं विचारलं.

"घर. पदरात पाडून आणलंय. लय मोठं हाय गं. पदरात मावंल तेवढं आणलं, बाकीचं दोनतीन खेपांत आणतो. लागलं कुटंच न्हाई, खाली मऊ अंथरलं व्हतं." त्यानं खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली. "आन् ही धर किल्ली. नीट जपून ठेव. आपल्या माघारी कुनी आत शिरायला नगं."

सगुणानं विटांकडं बघितलं. किल्लीकडं बघितलं. शालूकडं बघितलं. डोळे पांढरे झाले आणि ती हळूहळू मागं कलंडली.

हैबतीनं घाईघाईनं उशाचं पातेलं ओढलं, तिच्या डोक्याजवळ धरलं आणि वाकून आत बघितलं. मग पातेलं उजेडाकडं तिरकं करून पुन्हा बघितलं.

"सगुणा," तो म्हणाला, "पडला का गं जीव? मला तर भांड्यात काय बी दिसंना."